नकाशातलं थस्ला

बहारीनमध्ये मी जे पहिलं काम केलं, ते इंग्लंडमधल्या खेड्यांची नावं मोठ्यानं वाचण्याचं. सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. मलाही सुरुवातीला गंमतच वाटली होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही जिदहफ्सला एका कापडाच्या दुकानावर राहायचो. माझे यजमान पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. तुबलीला विहिरींचे पंप दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, त्याची जबाबदारी ह्यांच्याकडे होती. मी कुडाळची. लग्नाआधी तिकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मूल अजून झालं नव्हतं. दुपारी जेवून हे पुन्हा वर्कशॉपला गेले की घरात मी आणि खिडकीतला एसी, एवढेच उरायचो.

एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "तुझं इंग्रजी वाचन अजून चांगलं आहे ना गं?"

"का हो?"

"सनदला एक म्हातारी इंग्रज बाई राहते. तिच्या बागेतला पंप बघायला गेलो होतो. डोळे जवळजवळ गेलेत तिचे. दुपारी वाचून दाखवायला कुणी मिळेल का, विचारत होती. बाईमाणूसच हवं म्हणाली."

दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला जाता जाता ह्यांनी मला तिकडे सोडलं. खजुराच्या बागेत बसकं पांढरं घर होतं. भिंती इतक्या जाड, की आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन आणि आवाज दोन्ही एकदम तुटायचे. बागेत दगडी हौद होता. पूर्वी त्यात झऱ्याचं पाणी आपोआप वर यायचं म्हणे. आता तळाशी पांढरं मीठ धरलं होतं आणि पाणी पंपानं ओढावं लागे. सनद गावातलाच एक म्हातारा माळी तिथे असायचा. हिंदुस्थानी माणसांशी तो मोडक्या हिंदीत बोलायचा. हौदाकडे बोट दाखवून तो मला पहिल्या दिवशी म्हणाला, "ऐन. पानी खलास." मग स्वतःच्या डोळ्यावर बोट टेकवून पुन्हा म्हणाला, "ये भी ऐन." अरबीत झऱ्याला आणि डोळ्याला एकच शब्द, हे मला तेव्हा कळलं.

बाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. मी त्यांना मॅडम म्हणायचे. नवरा तेलाच्या कामावर बहारीनला आला, त्याच्याबरोबर त्या आल्या. तो इथेच वारला, इथेच त्याला पुरलं. पुढे त्यांनी लहान मुलांना शिकवलं आणि इंग्लंडला परत गेल्या नाहीत. तिकडे एक भाची होती, तिची अधूनमधून पत्रं येत. "तिकडे आता माझं काय आहे," असं त्या म्हणायच्या.

मला वाटलं होतं कादंबऱ्या वाचायच्या असतील. त्यांनी कपाटातून पत्र्याची नळी काढायला लावली. तिच्यात नकाशे होते. डर्बीशर, त्यांचा परगणा. मोठ्या मापाचे, एकेक ओढा, एकेक गोठा दाखवणारे. जेवणाच्या टेबलावर एक पसरून चारी कोपऱ्यांवर मी वाट्या ठेवल्या.

"डावीकडून सुरू कर," मॅडम म्हणाल्या. "जसं लिहिलंय तसंच वाच. ते म्हणायचं कसं, ते मी सांगेन."

असं आमचं वाचन सुरू झालं. मी वाचायचे आणि हमखास चुकायचे. मी 'इयाम' म्हटलं, त्या म्हणाल्या, "ईम." मी 'टाइड्सवेल' म्हटलं तर त्या हसल्या. "बाहेरचे तसं म्हणतात. तिथला माणूस टिड्झा म्हणतो. आणि ब्रॅडवेलला ब्रॅडा." वेल म्हणजे झरा. ब्रॅडवेल म्हणजे रुंद झरा. यूलग्रेव्ह म्हणजे पिवळी वनराई. नाव उच्चारलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि मग सांगायच्या, की तिथे चढ कुठे आहे, ओढा कुठून वळतो, कुठल्या भिंतीला लागून पाऊलवाट जाते. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या जागेकडे पाहून एक साधा शब्द उच्चारला आणि तो अजून तिथेच उभा आहे, असं काहीसं त्यांना त्यात वाटत असावं.

मला ते अवघड गेलं नाही. आमच्याकडे पिंपळगाव, आंबेगाव, वडगाव असतात, तेच हे. मी त्यांना आमच्याकडची नावं सांगायचे. कुडाळजवळच्या वेताळ बांबर्ड्याचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला वेताळ म्हणजे कोण ते नीट विचारून घेतलं. भुतांचा राजा, गावाची राखण करणारा, रात्री फेरी मारणारा. त्याला पायताण वाहतात, आणि ते चालून झिजतं असं म्हणतात, हेही मी सांगितलं.

"मग तुला आमचे 'लो' समजतील," त्या म्हणाल्या.

डर्बीशरच्या नकाशावर 'लो'नं संपणारी नावं जिकडे तिकडे आहेत. वॉर्डलो, हकलो, हर्डलो, ड्रेकलो. इंग्रजीत लो म्हणजे खाली, म्हणून मला वाटलं सखल जागा. मॅडमनी मान हलवली. "उलट. हा जुना शब्द आहे. लो म्हणजे उंचवटा, आणि बहुतेक वेळा माणसानं रचलेला. खाली कुणीतरी पुरलेलं असतं. वॉर्डलो, पहाऱ्याची टेकडी. हर्डलो, जिच्यात धन पुरलंय ती. ड्रेकलो म्हणजे ड्रॅगनचा ढिगारा. पुरलेल्या धनावर ड्रॅगन बसतो, असं ते लोक मानायचे."

त्या दिवशी संध्याकाळी हे घ्यायला आले तेव्हा सूर्य बुडत होता. गाडी रस्त्याला लागल्यावर पश्चिमेला 'आली' नावाच्या गावाकडे क्षितिजावर ते उंचवटे दिसायला लागले. बहारीनमध्ये राहिलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाहीत. मातीचे, खडीचे, एकाला एक लागून, जणू जमिनीला फोड आले आहेत. सगळी थडगी. चार हजार वर्षांपूर्वीची, असं लोक सांगत. येताजाता मी ते रोज पाहत होते आणि कधी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांच्या सावल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, आणि मला उगाचच वाटलं, की ह्या थडग्यांनाही कधीतरी एकेक नाव असेल. प्रत्येकाला. ती नावं उच्चारणारं शेवटचं तोंड कधी बंद झालं असेल?

"काय झालं? गप्प का?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. जरा जोरात चालवा."

पुढचे काही महिने असेच गेले. नकाशामागून नकाशा संपत होता. मग तो दिवस आला.

सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता आणि हवेत धूळ भरली होती. दुपारी उजेड पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. माळ्यानं खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली होती. मी शेवटच्या नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात पोचले होते. तिथे वस्ती जवळजवळ नव्हती. उंच माळरान, दगडी कुंपणं, एखादंदुसरं शेतघर. मी एकामागून एक नावं वाचत गेले. मॅडम नेहमीसारख्या चुका सुधारत होत्या.

मग मी म्हटलं, "थस्ला."

मी पुढचं नाव वाचायला लागले तेव्हा मॅडमनी हात वर केला.

"पंखा बंद कर."

मी पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"आत्ता काय म्हणालीस?"

"थस्ला."

"अक्षरं सांग. एकेक."

मी नकाशावर वाकले. जुन्या मोडक्या वास्तूंची नावं त्या नकाशांवर अणकुचीदार, पोथीसारख्या अक्षरांत छापलेली असत, तसं ते होतं. मी अक्षरं लावत गेले. तिथे 'थर्सनलो' लिहिलं होतं. स्पष्ट. त्यात कुठेही थस्ला नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की या जागी पूर्वी गाव होतं.

"तुला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं. आवाज शांत होता, पण दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"कुणी नाही. मी... तोंडातून तसंच आलं."

"मी कधी म्हटलं का तुझ्यासमोर?"

"नाही मॅडम."

"नाही. मी लहानपणानंतर ते नाव उच्चारलेलंच नाही." त्यांनी हात टेबलावरून मांडीवर घेतले. "माझी आई त्या बाजूची. ते गाव तिच्याही आधी कितीतरी पिढ्या ओस पडलेलं. भिंतींचे दगड आणि मधोमध तो ढिगारा, एवढंच. आसपासच्या शेतघरांतली माणसंच त्याला थस्ला म्हणायची. त्यातलं आता कुणी उरलं असेल असं वाटत नाही. थर्स म्हणजे माणसासारखा, पण माणूस नसलेला. ओल्या जागेत एकटा राहणारा. थर्सनलो, त्याचा ढिगारा."

आमच्याकडचा देवचार मला आठवला. वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा, आणि नाव घेतलं की येणारा. लहानपणी आई दटावायची, "तिनसांजेक तेचा नाव घेव नको." हे मी मॅडमना सांगितलं नाही. पण त्या जणू त्यालाच उत्तर दिल्यासारखं बोलल्या.

"आई सांगायची, थस्लाचं नाव आपल्या माणसानं घेतलं तर काही नाही. पण ज्याला ते माहीत असायचं कारण नाही अशा तोंडून ते ऐकू आलं, तर ती हाक समजायची. ते ज्याला बोलावतं त्यानं जायचं."

"आणि नाही गेलं तर?"

"ते आईनं सांगितलं नाही." त्या किंचित हसल्या. "नकाशा गुंडाळ. आज पुरे."

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पुणेरी, शिवाय इंजिनिअर. "अगं, महिनोन्‌महिने टिड्झा आणि ब्रॅडा ऐकतेयस. जिभेला वळण लागलं. तुम्ही कोकणातली माणसं तशीही नावं गिळता. रत्नागिरीचं रत्नांग्री करता. त्यात काय?"

ते बरोबर होतं. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण बाकीच्या नावांना जिभेला वळण का लागलं नव्हतं? त्या दिवशीही मी त्याआधीचं प्रत्येक नाव चुकले होते.

त्यानंतर मॅडमनी आठवडाभर येऊ नको असा निरोप पाठवला. पुन्हा गेले तेव्हा माळी मला फाटकातच भेटला. तो इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम रोज मगरीब के टाइम बगीचा में खडा रहता. उधर, ऐन के पास. बोलता, कमिंग, कमिंग."

"किससे बोलती हैं?"

"कोई नहीं. मफी." त्यानं दोन्ही हात झटकले. मग जरा थांबून म्हणाला, "लेकिन पहले चुप रहता, सुनता. बाद में बोलता." आणि तो खजुराच्या झावळ्या गोळा करायला निघून गेला. त्या दिवसापासून तो सूर्य बुडायच्या आत घरी जाऊ लागला.

मॅडम आत नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा मोकळा दिसत होता, कितीतरी दिवसांत दिसला नव्हता इतका. त्या इंग्लंडला जायचं म्हणाल्या. भाचीला कळवलं होतं, तिकीट होत होतं. "इतकी वर्षं नाही म्हणत होते. आता वाटतं, एकदा जाऊन यावं."

"थस्लाला?"

"तू ते फार छान म्हणतेस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरायला मदत केली. निघताना त्यांनी माझं मनगट पकडलं. दिसत नसूनही त्या माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

"तू येशील ना माझ्याबरोबर?"

मला वाटलं विमानतळावर पोचवायला. मी म्हटलं, "हो मॅडम. येते की."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी मी गेले. ह्यांनीच गाडी चालवली. एअरलाइनचा माणूस त्यांना चाकांच्या खुर्चीतून आत घेऊन गेला, आणि त्यांनी मागे वळून हात हलवला, मी उभी होते त्याच्या विरुद्ध दिशेला. मी घरी येऊन भाताचा कुकर लावला. गोष्ट तिथे संपली असं मला वाटलं.

हिवाळा सरता सरता सनदच्या माळ्यानं ह्यांना वर्कशॉपवर येऊन सांगितलं, की मॅडम तिकडे वारल्या आणि त्यांची भाची घर रिकामं करायला आली आहे. तिला मला भेटायचं होतं. आम्ही तिला आमच्याकडेच बोलावलं.

भाची चाळिशीची होती, साधी, उंच, उन्हानं लगेच लाल झालेली. मी पोहे केले होते. ती बसली तीच म्हणाली, "मला तुमचे आभार मानायचे होते. तिथे मानायचे राहून गेले. तुम्ही इतक्या लवकर निघून गेलात."

मला वाटलं ती विमानतळाबद्दल बोलते आहे, आणि तिचा काहीतरी गोंधळ झाला आहे. मी म्हटलं, "विमानतळावर तुम्ही नव्हतात."

"नाही, नाही. तिथे टेकडीवर म्हणतेय मी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला सावकाश सांगायला सांगितलं, आणि तिनं सांगितलं.

मॅडम पोचल्यावर काही दिवसांतच त्यांनी तिला गाडी घेऊन त्या माळरानावर न्यायला लावलं. भाचीचा पाय मुरगळलेला होता, म्हणून ती फाटकाशी गाडीतच थांबली. मॅडमना एकटं कसं सोडायचं, असं ती म्हणाली, तर मॅडम म्हणाल्या, काळजी करू नको, माझी सोबतीण आली आहे. भाचीनं काचेतून पाहिलं. धुकं होतं, बारीक पाऊस होता. कुंपणापलीकडे साडी नेसलेली एक बाई उभी होती. तिनं मॅडमचा हात धरला आणि त्या दोघी चढ चढून गेल्या. मॅडम काठी न टेकता चालत होत्या. त्या बाईचं तोंड हलत होतं. काहीतरी वाचून दाखवावं तशी ती बोलत होती.

"बऱ्याच वेळानं आत्या एकटीच खाली आली," भाची म्हणाली. "मी विचारलं, तुझी मैत्रीण कुठे? तर म्हणाली, तिचा नवरा घ्यायला येतो संध्याकाळी, त्याला उशीर झालेला आवडत नाही. मला वाटलं, तुम्ही तिकडे कुणाकडे तरी आला असाल. मग पत्ता शोधला तर बहारीनचा निघाला. तेव्हा वाटलं, तुम्ही परत आलात."

खालच्या दुकानात कुणीतरी ताग्यावरून कापड फाडत होतं, तो आवाज वर येत होता.

"मी इंग्लंडला कधी गेले नाही," मी म्हटलं.

ती हसली. थट्टा वाटली असावी तिला. मग तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. "ती बहारीनबाहेर गेलेलीच नाही. त्या दिवसांत तर जिदहफ्सबाहेरही क्वचितच. आम्ही दोघंही इथेच होतो."

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून जीव निघून गेला. "पण आत्या शेवटपर्यंत तुमचंच बोलत होती," ती म्हणाली. "सांगायची, तिनं शब्द पाळला. तिनं मला घरापर्यंत नेलं."

"त्या गेल्या कशा?" मी विचारलं.

"झोपेत. त्रास नाही झाला काही. चेहरा छान होता."

मी चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघरात मी ओट्याला धरून उभी राहिले. पाणी उकळायला लागलं तरी साखर कुठे ठेवली आहे ते सुचेना. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता. हे तिला काहीतरी विचारत होते, खालच्या आवाजात, थोडं थोडं. ती उत्तर देत होती.

मी चहा घेऊन आले तेव्हा हे खिडकीशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. भाची पायांकडे बघत होती. तिनं भराभर चहा घेतला, मॅडमची आठवण म्हणून नकाशांची नळी हवी का विचारलं. मी नको म्हटलं. तिनं आग्रह केला नाही. हे तिला खाली टॅक्सीपर्यंत पोचवून आले.

वर आल्यावर ह्यांनी चपला काढल्या, सावकाश जोडून ठेवल्या आणि म्हणाले, "तू आत होतीस तेव्हा मी तिला साडीचं विचारलं. कसली होती, कुठल्या रंगाची."

"मग?"

"तिनं सांगितलं."

मी वाट पाहिली. प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारा हा माणूस. रत्नांग्रीचा दाखला देणारा. तो माझ्याकडे न बघता कपाटापाशी गेला, कपाट उघडलं, माझ्या साड्यांच्या घडीवर हात ठेवून क्षणभर थांबला आणि कपाट बंद केलं.

"जाऊ दे," हे म्हणाले. "पोहे उरलेत का?"

मी पोहे वाढले. आम्ही जेवलो. त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं बहारीनमध्ये होतो, आता पुण्याला आहोत. त्या संध्याकाळी तिनं कुठला रंग सांगितला, हे ह्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी अजून विचारलेलं नाही.